पेशीपटलातील स्निग्ध क्षेत्रे आणि घृतकल्पांविषयीचा आपला युक्तिवाद

घृतकल्पांच्या माहितीपत्रकांतून एक विधान वारंवार वाचावयास मिळते. पेशीचे आवरण स्निग्ध असते, घृतही स्निग्ध असते, म्हणून घृतात सिद्ध केलेले औषध पेशीच्या आवरणातून सहज आत शिरते, असे ते विधान. ते सुटसुटीत आहे, रुग्णास पटते आणि आधुनिक शास्त्राचा आधार मिळाल्याचे समाधानही देते. प्रस्तुत लेखकाने स्वतः काही वर्षांपूर्वी एका फार्मसीमालक स्नेह्यांच्या आग्रहावरून ब्राह्मीघृताच्या पत्रकासाठी हेच लिहून दिले होते. पुढे तेच वर्गात सांगत असता अंतिम वर्षाच्या एका विद्यार्थिनीने विचारले, ‘सर, तूप पचल्यावर ते तूप राहते का? आणि पेशीचे आवरण सगळीकडे सारखेच स्निग्ध असते का?’ दोन्ही प्रश्नांना त्या दिवशी समाधानकारक उत्तर देता आले नाही. त्या निमित्ताने जे वाचन घडले, त्याचे सार वैद्यबंधुभगिनींपुढे व औषधनिर्मात्यांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

दुहेरी थराची कल्पना

१९२५ साली हॉलंडमधील लायडन येथे गोर्टर व ग्रेंडेल या संशोधकांनी तांबड्या रक्तपेशींतील स्निग्ध द्रव्य अलग काढले आणि पाण्यावर एका रेणूच्या जाडीचा थर होईल असे पसरले. त्या थराचे क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या जवळजवळ दुप्पट भरले. त्यावरून पेशीपटल म्हणजे स्निग्ध रेणूंचा दुहेरी थर असावा, असे अनुमान त्यांनी मांडले. त्यांच्या मोजमापात दोन चुका होत्या व त्या एकमेकींना भरून काढणाऱ्या होत्या, असे पुढे दिसून आले. अनुमान मात्र खरे ठरले.

या पटलाची जाडी सुमारे ४ ते ५ नॅनोमीटर असते. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यांतील चार-पाच भागांएवढी ही जाडी होय. पटलातील स्निग्ध रेणूंना लिपिड म्हणतात. यांतील बहुतेक रेणूंना पाण्याशी सख्य असलेले एक डोके आणि पाण्यापासून दूर राहणाऱ्या दोन शेपट्या असतात. डोकी पेशीच्या बाहेरील व आतील पाण्याकडे वळतात आणि शेपट्या मधल्या भागात एकमेकींशी सामोऱ्या येतात. १९७२ साली सिंगर व निकोल्सन यांनी या चित्रात प्रथिनांची भर घातली. प्रवाही लिपिड-थरात तरंगणारी प्रथिने, असे त्यांच्या प्रतिकृतीचे स्वरूप होते. आपल्या पाठ्यपुस्तकांतून हीच प्रतिकृती शिकविली गेली. माहितीपत्रकांतील उपरोक्त विधानही तिच्याच आधाराने निर्माण झाले असावे. तेलाचा एक पातळ, सर्वत्र सारखा थर डोळ्यांपुढे आणला, की स्निग्ध द्रव्य त्यातून आरपार जाणार हे ओघानेच येते. अडचण अशी की, जिवंत पेशीचे पटल असे सर्वत्र सारखे नसते.

रेणूंची शिस्त

थंडीच्या दिवसांत तुपाची बरणी पाहावी. चांगले कढविलेले व सावकाश निवालेले तूप रवाळ होते. एकाच बरणीत, एकाच तापमानाला काही स्नेह दाणे धरून बसतो, तर काही स्नेह त्या दाण्यांभोवती पातळच राहतो. याचे कारण मेदाम्लांच्या आकारात आहे. संपृक्त मेदाम्लांच्या साखळ्या सरळ असतात. त्या एकमेकींना चिकटून नीट रचल्या जातात, म्हणून पामिटिक आम्ल सुमारे ६३ अंश सेल्सियसला आणि स्टिअरिक आम्ल सुमारे ६९ अंशांना वितळते. असंपृक्त मेदाम्लांच्या साखळीस मध्येच बाक असतो व त्यामुळे ती दाटीने बसू शकत नाही. लिनोलिक आम्ल शून्याखाली ५ अंशांपर्यंतही द्रवरूप राहते. तिळाच्या तेलात ओलेइक व लिनोलिक या बाकदार आम्लांचेच आधिक्य असल्याने ते हिवाळ्यातही वाहते, हे प्रत्येक औषधनिर्मात्याच्या परिचयाचे आहे.

पटलातील लिपिडांच्या शेपट्यांनाही हाच न्याय लागू पडतो. सरळ शेपट्या जेथे एकत्र येतात तेथे रेणूंची मांडणी शिस्तबद्ध होते व पटल किंचित जाड होते. बाकदार शेपट्या जेथे अधिक, तेथे मांडणी विस्कळीत व पटल पातळ राहते. ही शिस्त पेशीस किती मोलाची आहे, हे सिनेन्स्की यांनी १९७४ साली आतड्यातील एश्चेरिशिया कोलाय या जिवाणूवर केलेल्या प्रयोगांतून दिसते. वेगवेगळ्या तापमानांस वाढविलेल्या जिवाणूंनी आपल्या पटलातील मेदाम्लांचे प्रमाण असे बदलून घेतले की, प्रत्येक तापमानास पटलाचा दाटपणा जवळजवळ सारखाच राहिला.

कोलेस्टेरॉलचे कार्य

मनुष्याच्या पेशीपटलात या खेळात तिसरा गडी असतो, तो म्हणजे कोलेस्टेरॉल. पेशीच्या बाह्य पटलातील लिपिड रेणूंपैकी साधारणतः ३० ते ४० टक्के रेणू कोलेस्टेरॉलचे असतात. या रेणूचा गाभा सपाट व ताठर असतो. तो स्फिंगोलिपिडांच्या सरळ शेपट्यांशेजारी उभा राहिला की, त्या शेपट्या ताठ होतात. तथापि दाणे मात्र धरत नाहीत. शेपट्या रांगेत असतात, पण रेणू जागा बदलत राहतात. १९८७ साली डेन्मार्कमधील इप्सेन व सहकाऱ्यांनी या अवस्थेचे विवेचन करून तिला क्रमबद्ध द्रव अवस्था असे नाव दिले.

आपल्याकडील दृष्टान्त द्यावयाचा तर, जत्रेतील गर्दी ही विस्कळीत द्रव अवस्था होय. वर्गात बाकांवर बसविलेली मुले ही घन अवस्था. वारीतील दिंडी ही मात्र तिसरी अवस्था आहे. वारकरी रांग धरून चालतात, पण थांबलेले नसतात. कोलेस्टेरॉल व स्फिंगोलिपिड यांचा समूह असाच असतो. रवाळ तुपाचा दृष्टान्त येथवरच पुरतो. तुपातील दाणा घन असतो, पटलातील क्रमबद्ध क्षेत्र द्रवच राहते. कोलेस्टेरॉलची गणना केवळ रोगकारक द्रव्यांत करणाऱ्या रुग्णास हे समजावून सांगणे उपयुक्त ठरते. रक्तातील त्याचे अतिरिक्त प्रमाण घातक असते हे खरेच, परंतु पटलात त्याच्यावाचून पेशीचे चालत नाही.

तराफ्यांचा वाद

एकाच पटलात शिस्तबद्ध व विस्कळीत अशी दोन्ही क्षेत्रे असतील, तर पेशी त्यांचा उपयोग करीत असेल काय? १९८८ साली सिमॉन्स व व्हॅन मीर यांनी, आतड्याच्या अस्तरासारख्या पेशींत कोणता रेणू कोणत्या बाजूस पाठवावयाचा याची निवड अशा क्षेत्रांच्या आधारे होत असावी, असे सुचविले. १९९७ साली सिमॉन्स व इकोनेन यांनी ती कल्पना विस्ताराने मांडली आणि या क्षेत्रांना तराफे हे नाव रूढ झाले. काही प्रथिने तराफ्यावर बसतात, काही बाहेर राहतात. त्यामुळे परस्परांशी कार्य करणारी प्रथिने एकत्र येतात व नको ती दूर राहतात, असा त्याचा मथितार्थ.

कल्पना आकर्षक होती, परंतु पुराव्याची बाजू लंगडी होती. १९९२ साली ब्राउन व रोझ यांनी दाखविले होते की, पेशी सुमारे ४ अंश तापमानास विशिष्ट फेसकारी द्रव्यात ठेवल्यास पटलाचा काही भाग विरघळत नाही. पुष्कळांनी हा अविद्राव्य भाग म्हणजेच तराफा असे गृहीत धरले. टीकाकारांनी रास्त आक्षेप घेतला. थंडीत तूप थिजते तसे पटलही बदलते आणि फेसकारी द्रव्य रेणूंची जुळणी मोडून नवी करू शकते. तेव्हा जे दिसले, ते पेशीत आधीपासून होते की प्रयोगाने निर्माण केले? आपल्या क्षेत्रातही हा प्रश्न विसरून चालणार नाही. काढा करताना जे द्रव्य मिळते, ते वनस्पतीत त्याच रूपात होते असे नाही.

२००६ साली अमेरिकेत भरलेल्या एका परिसंवादात अभ्यासकांनी सर्वमान्य व्याख्या ठरविली. कोलेस्टेरॉल व स्फिंगोलिपिड यांनी समृद्ध, १० ते २०० नॅनोमीटर आकाराची, सतत बदलणारी लहान क्षेत्रे म्हणजे तराफे, असा तिचा आशय आहे. सामान्य प्रकाश-सूक्ष्मदर्शकास सुमारे २०० नॅनोमीटरहून लहान तपशील वेगळे दाखविता येत नाहीत. म्हणूनच ही क्षेत्रे इतकी वर्षे दृष्टीस पडली नव्हती.

जिवंत पेशीत काय दिसले

यासाठी दोन साधने विशेष उपयोगी पडली. पहिले साधन म्हणजे लॉर्डान हे रंगद्रव्य. वेबर यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या रंगद्रव्यांच्या गटातील हे एक. ते पटलात शिरून बसते. शेपट्या दाट असतील तर तेथवर पाणी पोहोचत नाही व ते निळसर प्रकाश देते. शेपट्या विस्कळीत असतील तर पाण्याचे रेणू आत येतात आणि प्रकाश हिरव्याकडे झुकतो. निळ्या-हिरव्याच्या प्रमाणावरून पटलाच्या प्रत्येक बिंदूवरील शिस्त जिवंत पेशीतच मोजता येते.

दुसरे साधन म्हणजे जर्मनीतील स्टेफान हेल यांनी विकसित केलेली सूक्ष्मदर्शन पद्धती. तिच्यासाठी त्यांना २०१४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. एगेलिंग, हेल व सहकाऱ्यांनी २००९ साली जिवंत पेशींत पाहिले की, स्फिंगोलिपिडांचे रेणू २० नॅनोमीटरहून लहान जागेत सुमारे १० ते २० सहस्रांश सेकंद अडकून राहतात व पुढे जातात. अडकण्याचे हे प्रमाण कोलेस्टेरॉलवर अवलंबून होते. अर्थात तराफा म्हणजे पटलावर तरंगणारी स्थिर फळी नव्हे. क्षणभर जुळणारी व विखुरणारी ती एक मांडणी आहे.

डोळ्यांस स्पष्ट दिसावीत एवढी मोठी क्षेत्रे जिवंत पेशीत मुळीच नसतात असेही नाही. यीस्टच्या पेशीतील रसधानी नामक कोशाच्या पटलावर पोषण संपत आल्यावर अशी क्षेत्रे उमटतात, हे टूलमे व प्रिंझ यांनी २०१३ साली दाखविले. आसवारिष्टांच्या संधानात ज्या यीस्टवर आपण विसंबतो, त्यांच्याच कुळातील पेशींत पटलाची मांडणी पोषणानुसार पालटते, ही गोष्ट औषधनिर्मात्यांस मनोरंजक वाटावी.

बेंगळुरूचे कार्य

या विषयात भारतीय संशोधकांचा वाटा मोठा आहे. मुंबईच्या आयआयटीत रसायनशास्त्राचे शिक्षण घेतलेले सत्यजित मेयर यांनी बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात, स्निग्ध नांगराने पटलाच्या बाह्य थरास जोडलेल्या प्रथिनांचा अभ्यास केला. वर्मा व मेयर यांनी १९९८ साली अशी प्रथिने पटलावर विखुरलेली नसून सूक्ष्म समूहांत असतात असे दाखविले. २००४ साली त्यांच्या गटाने अधिक तपशील दिला. यांपैकी सुमारे २० ते ४० टक्के प्रथिने ५ नॅनोमीटरहून लहान समूहांत असतात व एका समूहात फार तर चार रेणू असतात. पुढे २०१५ साली त्याच गटाने दाखविले की, हे समूह केवळ लिपिडांच्या परस्परप्रेमाने बनत नाहीत. पटलाच्या आतील थरातील फॉस्फॅटिडिलसेरीन या लिपिडाच्या लांब, सरळ शेपट्या बाहेरील थरातील शेपट्यांशी जुळतात आणि पेशीच्या आतील अ‍ॅक्टिन तंतूंच्या हालचालीने हा समूह घडविला जातो.

प्रस्तुत लेखकाच्या मते, येथे मूळ कल्पनाच पालटते. बरणीतील तूप तापमानानुसार आपोआप थिजते. जिवंत पटलाची मांडणी मात्र पेशी ऊर्जा खर्च करून घडविते व मोडते.

या मांडणीशी रोगाचाही संबंध पोहोचतो. विषूचिकेच्या जिवाणूचे विष शंभू नाथ डे यांनी १९५९ साली कलकत्त्यात सिद्ध केले. हे विष आतड्याच्या पेशीवरील जीएम-१ नामक स्फिंगोलिपिडाचे पाच रेणू एकाच वेळी पकडून पेशीत शिरते. हे लिपिड क्रमबद्ध क्षेत्रांत राहणारे म्हणून ओळखले जाते.

आपल्या युक्तिवादाचे काय?

आता विद्यार्थिनीच्या पहिल्या प्रश्नाकडे वळू. तूप पचल्यावर तूप राहत नाही. तुपातील स्नेह म्हणजे ग्लिसरॉलला जोडलेली तीन मेदाम्ले. त्यास पाण्याशी सख्य असलेले डोके नसल्याने त्याचा दुहेरी थर बनत नाही. म्हणजे तुपातील स्नेह आणि पटलातील स्नेह हे मुळातच भिन्न रचनेचे आहेत. आतड्यात पाचक स्राव त्याचे विघटन करतात, पित्तातील क्षारांच्या साहाय्याने ते घटक शोषले जातात, अस्तराच्या पेशीत पुन्हा जोडले जातात आणि सूक्ष्म कणांच्या रूपाने बहुतांशी लसीकावाहिन्यांतून रक्तात येतात. मेंदूच्या पेशीपाशी घृताचा थेंब औषध घेऊन पोहोचतो, हे चित्र त्यामुळे टिकत नाही.

केवळ स्निग्धतेमुळे द्रव्य पटलातून पार होते, हेही पूर्ण सत्य नाही. अतिस्निग्ध रेणू पटलातच अडकून बसू शकतो. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरात तर पी-ग्लायकोप्रोटीन नामक प्रथिन असते व ते अनेक स्निग्धविद्राव्य औषधे आत आलेली असतानाही परत बाहेर लोटते.

याचा अर्थ घृतकल्पना निरर्थक आहे असा मुळीच नव्हे. १ भाग कल्क, ४ भाग स्नेह व १६ भाग द्रव या प्रमाणात केलेल्या पाकात वनस्पतीतील स्निग्धविद्राव्य घटक घृतात उतरतात, आणि आहारात स्नेह असता अशा घटकांचे आतड्यातून शोषण सुधारते. इतर कोणत्याही स्नेहापेक्षा घृत संस्काराचे अनुवर्तन अधिक करते, हे चरकाचार्यांचे प्रतिपादन आहे. ते निरीक्षणावर उभे आहे आणि त्यास पेशीपटलाच्या टेकूची आवश्यकता नाही. ब्राह्मीघृत स्मृतीस उपकारक आहे की नाही, याचा निर्णय रुग्णांवरील काटेकोर निरीक्षणाने व्हावयाचा, पटलाच्या आकृतीने नव्हे.

दुसरा सावधगिरीचा मुद्दा वनस्पतिज द्रव्यांच्या प्रयोगशाळेतील अभ्यासांविषयी आहे. हळदीतील कर्क्युमिन अनेक निरनिराळ्या प्रथिनांवर कार्य करते, अशा मजकुराची पत्रके आपण नित्य पाहतो. इंगोल्फसन, अँडरसन व सहकाऱ्यांनी २०१४ साली कर्क्युमिन, मिरचीतील कॅप्सेसिन, चहातील एक पॉलिफेनॉल, सोयाबीनमधील जेनिस्टीन व द्राक्षांतील रेस्वेराट्रॉल यांची परीक्षा केली. ही पाचही द्रव्ये लिपिड-थराचेच गुणधर्म बदलतात, आणि थर बदलल्यामुळे त्यात बसलेल्या, परस्परांशी संबंध नसलेल्या प्रथिनांचे कार्य पालटते, असे त्यांना आढळले. पुष्कळ प्रथिनांवर परिणाम झाला म्हणजे द्रव्य बहुगुणी ठरलेच असे नाही. कदाचित त्याने सर्वांच्या पायाखालची सतरंजी हलविली असेल. शिवाय कर्क्युमिन तोंडाने घेतल्यावर रक्तात अत्यल्प पोहोचते. म्हणून असा अभ्यास वाचताना दोन प्रश्न विचारावेत. वापरलेली मात्रा शरीरात पोहोचू शकते काय? आणि पटलावरील सर्वसाधारण परिणाम वेगळा काढून पाहिला आहे काय?

तिसरा मुद्दा आपल्या शास्त्रातील संज्ञांचा. सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात धातू व आशय यांच्यामधील मर्यादा म्हणून सात कला वर्णिल्या आहेत. कला म्हणजेच पेशीपटल, असे समीकरण काही लेखांत मांडलेले दिसते. विभाजन करणारे व धारण करणारे आवरण ही कल्पना दोहोंत सारखी असली, तरी कला शरीरातील अवयवांच्या पातळीवर वर्णिलेली आहे आणि पटल एका पेशीचे आहे. असे समीकरण मांडल्याने सुश्रुतही नीट समजत नाही व पेशीही समजत नाही.

उपसंहार

पेशीपटल हा तेलाचा निश्चल थर नसून, क्षणोक्षणी रेणूंची मांडणी घडविणारे व मोडणारे जिवंत अंग आहे. त्याचा आधार घ्यावयाचा असेल, तर त्याचे आजचे ज्ञात स्वरूप समजून घेऊन घ्यावा. अर्धवट आधार घेतल्यास उद्या एखादा चौकस रुग्ण किंवा विद्यार्थी तो खोडून काढील, आणि त्याबरोबर आपल्या खऱ्या अनुभवासही तो खोटे समजेल. खरी हानी ती आहे.

लेखारंभी उल्लेखिलेल्या फार्मसीमालक स्नेह्यांना प्रस्तुत लेखकाने पत्र लिहून ते विधान मागे घेण्याची विनंती केली. ‘वैद्यराज, तेवढ्या ओळीवरच गिऱ्हाईक थांबते हो,’ असे ते प्रथम म्हणाले. मात्र पुढील आवृत्तीत त्यांनी ती ओळ गाळली. तिच्या जागी आता ग्रंथोक्त पाठ, घटकद्रव्यांचे प्रमाण, मात्रा, अनुपान आणि ‘वैद्यांच्या सल्ल्यानेच घ्यावे’ एवढेच छापलेले आहे.